खर्ज वाढवावा की रिसीव्हर बदलावा?

कर्जाचा अर्ज बँकेत दाखल झाला की रकमेच्याही आधी पाहिला जातो तो ‘प्रयोजन’ हा रकाना. पैसा कशासाठी हवा आहे हे अर्जदाराला नीट सांगता आले नाही, तर तारण कितीही भक्कम असो, अनुभवी अधिकारी लेखणी खाली ठेवतो. घरातल्या खरेदीला मात्र असा रकाना नसतो. तेथे वस्तू आधी ठरते आणि प्रयोजन मागाहून शोधले जाते.

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका कुटुंबात गेल्या पावसाळ्यात असाच एक अर्ज रात्रीच्या जेवणाच्या वेळी तोंडी सादर झाला. अर्जदार घरचा कर्ता मुलगा, वय चव्वेचाळीस, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत अभियंता. दिवाणखान्यातील होम थिएटर २०१३ च्या दिवाळीत घेतलेले : पाच स्पीकर, आठ इंची सबवूफर आणि या सर्वांना चालविणारा रिसीव्हर. मागच्या वर्षी टीव्ही बदलला. नवा संच मोठा, चित्र लख्ख. आणि त्या चित्रापुढे जुना आवाज मुलाला फिका वाटू लागला. स्फोट व्हावा तसा होत नव्हता, ढग गडगडावेत तसे गडगडत नव्हते. बोनसातून साठ हजार रुपये त्याने बाजूला काढून ठेवले होते. तेवढ्यात एकच वस्तू येणार होती : एक तर नवा रिसीव्हर, नाही तर बारा इंची नवा सबवूफर.

सूनबाईंचे मत ‘दोन्ही नकोत’ असे होते. आईंनी मत दिले नाही. अण्णा, म्हणजे मुलाचे वडील, वय चौऱ्याहत्तर, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “तुला बरे वाटेल ते घे,” आणि ताट उचलून आपल्या खोलीत निघून गेले. ते उठून जाणे त्या रात्री कोणाच्या ध्यानात आले नाही.

आधी या दोन यंत्रांची ओळख करून घेणे इष्ट. रिसीव्हर ही या व्यवस्थेची मुख्य कचेरी. चित्र आणि आवाज यांचे संकेत तेथे येतात. डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने बांधून आलेला आवाज तेथे सोडविला जातो, कोणत्या स्पीकरच्या वाट्याला काय यायचे ते ठरते, आणि मग तो वाटा वाढवून त्या त्या स्पीकरकडे रवाना होतो. सबवूफरचे काम एकच. माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकतो. त्यांतील अगदी तळाचा खर्ज, म्हणजे सुमारे ८० ते १२० हर्ट्झच्या खालचा भाग, तो सांभाळतो. ‘फाइव्ह पॉइंट वन’ या नावातला ‘पॉइंट वन’ म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी राखून ठेवलेली स्वतंत्र वाट. चित्रपटगृहात खर्ज अंगावर येण्याचे वेड जुने आहे. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या अमेरिकी चित्रपटासाठी ‘सेन्सराउंड’ नावाची व्यवस्था करून प्रेक्षकांच्या खुर्च्या थरारून सोडल्या होत्या. पुढे १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आणि १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस आले, आणि त्यानंतर काही वर्षांतच ही हौस दिवाणखान्यांपर्यंत पोहोचली.

मुलाचा पहिला ओढा रिसीव्हरकडे होता, कारण नव्याच्या खोक्यावर प्रत्येक स्पीकरमागे ११० वॅट लिहिलेले होते आणि जुन्यावर ८०. तीस वॅट वाढले म्हणजे आवाज तेवढ्या पटीने वाढेल, हा अंदाज कोणीही करील. परंतु कानाचा हिशेब सरळ व्याजाचा नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटावा म्हणून सुमारे दहा डेसिबलची, म्हणजेच दसपट वॅटची गरज पडते. ८० चे ११० झाल्याने पडणारा फरक दीड डेसिबलसुद्धा भरत नाही. लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाही तो जेमतेम कळेल. शिवाय खोक्यावरचा आकडा बहुधा दोनच स्पीकर वाजवून मोजलेला असतो. पाचही एकदम वाजू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सबवूफरच्या पोटात त्याचा स्वतःचा वर्धक असतो. रिसीव्हरचे वॅट वाढल्याने खर्जाला एका पैचाही लाभ नाही. दुकानदाराला हे ठाऊक नसेल असे नाही; पण विचारल्याविना उत्तर देण्याची रीत बाजारात नाही.

मग रिसीव्हर बदलावा तरी कधी? जोडणीची सोय संपली म्हणजे. २०१३ च्या सुमाराचे रिसीव्हर आजचे फोर-के चित्र पूर्ण स्वरूपात पुढे पाठवू शकतीलच असे नाही. पण त्यावर बिनखर्ची तोड आहे. चित्राची जोडणी थेट टीव्हीला करायची आणि आवाज तेवढा ‘आर्क’ नावाच्या परतवाटेने, त्याच एचडीएमआय तारेतून, रिसीव्हरकडे आणायचा. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटांचा दाबून बसविलेला आवाज या वाटेने व्यवस्थित येतो. ब्लू-रे तबकडीवरचा अस्सल, काहीही न गाळलेला बहुमार्गी आवाज टीव्हीमार्गे आणायचा असेल, तर मात्र एचडीएमआय २.१ बरोबर आलेली ‘ई-आर्क’ची रुंद वाट लागते आणि ती जुन्या रिसीव्हरला नसते. या घरात ब्लू-रे नव्हते, खेळांचे यंत्र नव्हते, छतात स्पीकर बसविण्याचा विचार नव्हता. नव्या रिसीव्हरच्या दहा गुणांपैकी आठ गुण येथे कपाटात पडून राहिले असते.

सबवूफरची बाजू तुलनेने बळकट होती. आठ इंचांऐवजी बारा इंचांचा पडदा म्हणजे हवा ढकलणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट. खर्जाला हवा लागते, आणि तीही भरमसाट : आवाजाची पातळी तीच ठेवून कंपने निम्म्यावर आणायची असतील, तर पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. म्हणूनच लहान सबवूफर ६० हर्ट्झला सुखाने वाजतो आणि ३० ला धापा टाकतो. टिकण्याच्या दृष्टीनेही तोच सरस. त्यात दर तीन-चार वर्षांनी बदलणारे काही नसते. पडद्याची कड झिजेपर्यंत वा आतला वर्धक दगा देईपर्यंत तो दहा-पंधरा वर्षे सहज काम देतो. उलट रिसीव्हर पुष्कळदा सुस्थितीत असतानाच जुना ठरतो. घसाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर रिसीव्हर हा संगणकाचा सोयरा आणि सबवूफर लाकडी कपाटाचा. साठ हजार दोहोंपैकी एकावरच घालायचे, तर ते सबवूफरवर घालावेत, असा कौल कागदावर सहज निघत होता. मुलाने तो काढलाही. हप्त्यांची चौकशी झाली. ‘व्याज नाही’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते आणि प्रक्रिया शुल्क लहान अक्षरांत. अशा शून्य टक्क्यांच्या योजनांत व्याज शुल्काच्या पोटात दडविले जाते, याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांचे लक्ष वेधले होते. असो.

खरेदी एका रविवारवर आली असता नात आडवी आली. ती नववीत. विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीचा पाठ नुकताच झाला होता, आणि वडिलांच्या कागदावर सगळे मोजलेले असून खोली मोजलेली नाही, हे तिच्या लक्षात आले. तिने शिवणाच्या डब्यातील फीत काढली. दिवाणखाना सतरा फूट लांब, अकरा फूट रुंद, दहा फूट उंच. मीटरमध्ये ५.१८, ३.३५ आणि ३.०५. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. ज्या स्वराची अर्धी लांबी खोलीच्या मापाएवढी भरते, तो स्वर त्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. गणित सोपे आहे : लांबीसाठी ३३ हर्ट्झ, रुंदीसाठी ५१, उंचीसाठी ५६. पैकी शेवटचे दोन एकमेकांच्या शेजारी. म्हणजे पन्नास ते साठ हर्ट्झच्या आसपास ही खोली स्वतःच एक वाद्य होती. सबवूफर फक्त ते छेडत होता.

यापुढचा भाग पाहण्यासारखा झाला. फोनवरून ५१ हर्ट्झचा एकच अखंड स्वर लावण्यात आला. सबवूफर टीव्हीच्या डाव्या हाताला, भिंतींच्या कोपऱ्यात होता. कोपरा ही अशी जागा की तेथून खोलीतील प्रत्येक घुमारा जागा होतो. मुलगा आपल्या नेहमीच्या आरामखुर्चीत बसला. ही खुर्ची खोलीच्या ऐन मध्यावर, टीव्हीच्या समोरासमोर. घरातील सर्वांत उत्तम जागा म्हणून त्याने ती मुद्दाम तेथे मांडलेली. तेथे तो स्वर जवळजवळ ऐकूच येईना. त्याने उठून भिंतीकडे दोन पावले टाकली, तर आवाज अंगावर आला. खिडकीची काच थरथरू लागली, शोकेसमधल्या कपबशा किणकिणू लागल्या. अडकलेल्या लाटेचा हा स्वभावच आहे. भिंतींशी दाब सर्वाधिक, मध्यावर नाहीसा. मुलगा नेमका त्या नाहीशा जागी बसून अकरा वर्षे सबवूफरची खुंटी पिळत आला होता. बारा इंची सोडा, अठरा इंची आणला असता तरी त्या खुर्चीत ती पोकळी तशीच राहिली असती, कारण पोकळी यंत्रात नसून खोलीत होती.

हा गलका ऐकून अण्णा बाहेर आले. मागच्या भिंतीला लागून, कोपऱ्यात त्यांचा दिवाण. ते सवयीने त्यावर टेकले आणि म्हणाले, “हे तर माझे रोजचे आहे. या घुमण्यात माणसे काय बोलतात तेच कळत नाही.”

नातीने विचारले, “म्हणून तुम्ही मध्येच उठून आत जाता, आजोबा?”

अण्णांनी उत्तर दिले नाही. सूनबाईंना मात्र आठवले, की दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते चित्रपट पाहता पाहता नातीला कोपराने ढोसून “काय म्हणाला गं तो?” असे विचारीत असत. मग विचारणे थांबले. घरच्यांनी त्याचा अर्थ, अण्णांना आता सिनेमाची आवड उरली नाही, असा लावला होता.

येथे प्रयोजनाचा रकाना प्रथमच भरला गेला. मुलाला खर्ज कमी पडत होता आणि वडिलांना तोच असह्य होत होता. दोघेही खरे बोलत होते. फक्त एकाने आवाज वाढवून आपली तक्रार मांडली होती आणि दुसऱ्याने खोलीबाहेर जाऊन.

वयोमानाने श्रवणशक्ती उणावते ती वरच्या टोकाकडून. खालचे स्वर पुष्कळ काळ शाबूत राहतात, वरचे हळूहळू विरतात. बोलण्यातला जोर स्वरांत असतो. आ, ओ, ऊ हे भरदार आणि तुलनेने खालच्या पट्टीत. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर तोललेला असतो, आणि स, श, च, फ, थ ही व्यंजने क्षीण व वरच्या पट्टीतली. ती गळाली की ‘सात’, ‘साथ’ आणि ‘साफ’ हे एकच होऊन बसतात. अशा व्यक्तीला आवाज ‘येतो’. शब्द येत नाही. म्हणूनच “ओरडू नका, मला ऐकू येते,” असे वडीलधारी मंडळी म्हणतात तेव्हा ती हट्टाने बोलत नसतात. त्यात भर म्हणजे जोराचा खर्ज आपल्या वरच्या पट्टीतील हलके आवाज झाकून टाकतो. याचा उलट परिणाम फार कमी होतो. हे तरुण कानालाही लागू आहे, पण तरुण कानाजवळ शिल्लक असते. त्याला ही वजावट परवडते. मुलाने खुंटी जितकी पिळली, तितके अण्णांच्या वाट्याचे संवाद बुडत गेले.

ती सकाळ खरेदीऐवजी हलवाहलवीत गेली. सबवूफरसाठी योग्य जागा शोधण्याची एक जुनी, हास्यास्पद आणि अचूक युक्ती आहे. सबवूफरच उचलून श्रोत्याच्या खुर्चीवर ठेवायचा, खर्जाचे एखादे वादन लावायचे आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरायचे. जेथे आवाज सर्वांत सारखा, न फुगलेला ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोलीचे वागणे तेच राहते, हा त्यामागचा आधार. चव्वेचाळीस वर्षांचा अभियंता हातापायांवर रांगताना पाहून आई प्रथमच बोलल्या, “लहानपणीही हा असाच कपाटाच्या कडेने जायचा.” जागा सापडली ती समोरच्या भिंतीच्या मध्याजवळ, टीव्हीच्या कपाटाखाली. त्यामागे गणितही होतेच. रुंदीच्या ऐन मध्यावरून रुंदीचा पहिला घुमारा जागाच होत नाही. आरामखुर्ची दोन फूट मागे गेली, दिवाण भिंतीपासून दीड फूट पुढे आला.

मधला स्पीकर कपाटाच्या खालच्या फळीवर, आत ढकललेला होता. चित्रपटातील बहुतेक सर्व संवाद त्याच एका स्पीकरमधून येतात, आणि तो गेली अकरा वर्षे घरच्यांच्या गुडघ्यांशी बोलत होता. त्याला पुढे ओढून, खाली लाकडाची पाचर सारून त्याचे तोंड कानांकडे करण्यात आले. रिसीव्हरसोबत आलेला मोजणीचा माइक शिवणाच्या डब्याशेजारच्या खणात, मूळ पिशवीत सापडला. खोली जोखून आवाज दुरुस्त करण्याची सोय २०१३ च्या या रिसीव्हरमध्येही होती. ती एकदाच, दुकानाच्या माणसाने माइक टीपॉयवर ठेवून आणि वर पंखा चालू ठेवून वापरली होती. आता फ्रीज व पंखे बंद करून, पहाटे, कानाच्या उंचीवर माइक धरून ती पुन्हा चालविली. अशा मोजणीत रिसीव्हर सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवितो. ती चूक नसते, सबवूफरच्या आतील विलंब त्याने धरलेला असतो. फीत लावून तो आकडा ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा. मात्र चारही स्पीकर ‘मोठे’ म्हणून नोंदले गेले होते ते ‘लहान’ केले आणि ८० हर्ट्झखालचे सारे सबवूफरकडे वळविले. मधला स्पीकर तीन डेसिबलने वर, सबवूफर पाच डेसिबलने खाली. रात्रीसाठी कुजबुज व स्फोट यांतील अंतर कमी करणारी सोय सुरू केली. एकूण खर्च शून्य रुपये. पाचर जुन्या पाटाची.

खर्ज कमी केला आणि मुलाला तो प्रथमच नीट ऐकू आला. हे वाचून कोणाला गंमत वाटेल, पण त्यात नवल नाही. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी लहान खोल्यांतील आवाजाविषयी जन्मभर जे लिहिले, त्याचा मोठा भाग हेच सांगतो की तळाच्या पट्टीत यंत्रापेक्षा खोलीच जास्त बोलते. एका मोठ्या सबवूफरपेक्षा योग्य ठिकाणी ठेवलेले दोन मध्यम सबवूफर सर्व आसनांवर अधिक समान खर्ज देतात, हेही त्या परंपरेतल्या प्रयोगांनी दाखविले आहे. एक जण टीव्ही पाहत असेल, तर एक सबवूफर पुरतो. तीन पिढ्या एका खोलीत बसत असतील, तर दुसऱ्याचा विचार रास्त ठरतो. अर्थात रिसीव्हरला दोन्ही सबवूफर वेगवेगळे जोखता आले पाहिजेत. काही जुने व स्वस्त रिसीव्हर आवाजाची दुरुस्ती करताना सबवूफरला हातच लावत नाहीत. तसा असेल तर आधी रिसीव्हर बदलणे शहाणपणाचे. रिसीव्हरच्या बाजूने आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आवाज लहान ठेवला की कानाला खर्ज अधिकच लहान वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखविले होते. आवाजाच्या पातळीनुसार खर्ज आपोआप सांभाळणारी सोय असलेला रिसीव्हर हळू आवाजातही भरदार वाटतो, आणि सदनिकेत राहणाऱ्याला त्याचा उपयोग बारा इंची पडद्याहून अधिक आहे.

सदनिकेचा उल्लेख आलाच आहे. आठवड्याभराने खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या आणि त्यांनी सूनबाईंना विचारले, “हल्ली सिनेमा बंद केलात वाटते?” त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण ती ज्या मापाने मोजतात ते माणसाच्या कानाच्या कलाने बेतलेले, खर्जाला फार कमी वजन देणारे आहे. ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल आणि ३१.५ ला सुमारे ३९ डेसिबल ते वजा करून टाकते. यंत्रावर आकडा नियमात बसतो आणि स्लॅबमधून उतरलेला धमका खालच्या घरात छातीवर बसतो. कायद्याने निर्दोष असलेला शेजारी त्रासदायक असू शकतो, हे त्या कुटुंबाला जिन्यात कळले, तेही एका आनंदाने विचारलेल्या प्रश्नातून.

अण्णांची अडचण मात्र निम्मीच सुटली. संवाद पुष्कळ स्पष्ट झाले. तरी नात पाहत राहिली, आणि तिला दिसले की ते अजूनही पडद्यावरच्या ओठांकडे टक लावून बसतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला ते तयार नव्हते. “या वयात एवढे चालायचेच,” हे एक कारण. दुसरे त्यांनी सांगितले नाही, पण हिशेब खात्यातला माणूस, ते खर्चाचे होते. शेवटी “कानातला मळ तरी काढून येऊ,” एवढ्या सबबीवर मुलाने त्यांना नेले. मळ निघाला. मग बंद खोलीत बसवून, एकेका स्वरावर बटण दाबायला लावून तपासणी झाली. आलेखावरची रेघ डावीकडे, खालच्या स्वरांपाशी बरीच सपाट होती. दोन हजार हर्ट्झच्या पुढे ती दोन्ही कानांसाठी उतरणीला लागली होती. मुलगा आकृत्या वाचणारा माणूस. त्याने तो कागद पुष्कळ वेळ हातात धरून ठेवला.

दोन्ही कानांची श्रवणयंत्रे मिळून रक्कम साठ हजारांच्या आतबाहेर सांगण्यात आली.

अण्णा म्हणाले, “तुझ्या बोनसातून नको. माझी एक ठेव मार्गशीर्षात सुटते आहे, तोवर थांब.” मुलाने ठेव मोडू दिली नाही आणि थांबूही दिले नाही. त्याने पैसे भरले. त्याला वाईट वाटले नाही असे लिहिणे खोटे ठरेल. सबवूफरचे चित्र त्याच्या फोनवर अजून जपून ठेवलेले आहे आणि रात्री कधीकधी ते उघडलेही जाते. सूनबाईंनी ते पाहिले आहे आणि त्याबद्दल त्या काही बोललेल्या नाहीत.

पहिला पंधरवडा कठीण गेला. यंत्र कानात घातल्याबरोबर सर्व सुरळीत होते, ही समजूत चुकीची आहे. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज एकदम परत आले की मेंदूला ते गोंगाटच वाटतात. भांडी घासण्याचा आवाज, वर्तमानपत्राची घडी, स्वतःच्या चपलांची फटफट यांनी अण्णा त्रासून गेले. दोन वेळा यंत्रे काढून डबीत ठेवली. तज्ज्ञांकडे तीन खेपा झाल्या, प्रत्येक वेळी थोडे वर, थोडे खाली. रोज तासभर, मग दोन तास, असा क्रम नातीने लावून दिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या.

दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी सर्व जण दिवाणखान्यात जमले. चित्रपट अण्णांनी निवडला, प्रभातचा ‘माणूस’, १९३९ सालचा. प्रभातची स्थापना कोल्हापूरची, त्यामुळे त्या नावाविषयी त्यांना घरचा अभिमान. आवाज अर्थातच एकमार्गी. रिसीव्हरने तो सगळा मधल्या स्पीकरकडे सोपविला. चार स्पीकर गप्प, सबवूफरही जवळजवळ स्वस्थ. मुलगा मागे सरकविलेल्या आरामखुर्चीत, आई व सूनबाई सोफ्यावर, नात खाली सतरंजीवर. अण्णा दिवाणावर पाठीशी लोड घेऊन बसले होते. पाऊण तास झाला तरी ते उठले नाहीत. मध्येच मात्र त्यांनी हात वर केला आणि नातीने चित्रपट थांबविला.

“हा पंखा एवढा वाजतो?” त्यांनी वर पाहत विचारले. “की आजच वाजायला लागला?”

“चार वर्षे झाली, अण्णा,” सूनबाई म्हणाल्या.

मुलाने उठून पंख्याचे बटण बंद केले.